शून्यतेच्या कचेरीतील अर्ज

तैवानातील लौकिक ताओपंथाचा देवलोक इतका दफ्तरी शिस्तीचा आहे की तेथील देवळात शिरणाऱ्याला आपण गाभाऱ्यापुढे उभे आहोत की एखाद्या मामलेदार कचेरीत, असा संभ्रम पडावा. सर्वांच्या वर जेड सम्राट, त्याच्या हुकमतीखाली आपापले खाते सांभाळणारे देव, आणि शहरोशहरी बंदोबस्तासाठी नेमलेले नगरदेव. ताइपेईचे लुंगशान मंदिर १७३८ साली फूच्येनहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी उभारले. मुख्य गाभारा बौद्धांच्या क्वान्यिनचा असला तरी मागील बाजूस परीक्षार्थींचा वेनछांग, दर्यावर्दींची मात्सू आणि लग्ने जुळवणारा युएलाव गुण्यागोविंदाने नांदतात. येथे मागणे मागण्यापूर्वी आपले नाव, जन्मतारीख आणि राहण्याचा पत्ता मनोमन सांगायचा असतो. बेपत्ता अर्जाचा निकाल देवाने पाठवावा तरी कोठे? उदबत्तीला २०२० पासून मनाई झाल्यामुळे धूर उरलेला नाही, अर्जांचा ओघ मात्र तसाच आहे.

उत्तर मिळते ते तांबड्या रंगाच्या, एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने फुगीर अशा दोन अर्धचंद्राकृती तुकड्यांवरून. एक सपाट व एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नकार. येथवर कोकणातल्या माणसाला कौलाची रीत नवी नाही. पण दोन्ही सपाट आल्या तर देव हसला असे मानतात, आणि प्रश्न नीट मांडून पुन्हा विचारावा लागतो. वेनछांगापुढे प्रवेशपत्राची नक्कल ठेवून बसलेल्या एका शाळकरी मुलीला देव लागोपाठ दोनदा हसला, तेव्हा तिने कपाळाला आठी घालून प्रश्नाची भाषा बदललेली मी पाहिली.

शहराच्या उत्तरेस पैतोउ भागात नुंगछान मठ आहे. मठाचे आचार्य शंगयेन यांना ध्यानात दिसलेले जलातील चंद्राचे रूप वास्तुशिल्पी क्रिस याव यांनी २०१२ साली काँक्रीटचे उंच खांब आणि त्यांपुढील ऐंशी मीटर लांबीचे जलाशय यांतून साकारले. महादालनाच्या पश्चिमेकडील लाकडी भिंतीत प्रज्ञापारमिताहृदयसूत्राची चिनी अक्षरे आरपार कोरलेली असल्यामुळे उतरत्या उन्हात ती प्रकाशरूपाने आत येतात. आपण अक्षर म्हणून वाचतो नेमक्या त्याच जागी भिंत नसते. शून्यतेवर इतके चोख भाष्य शब्दांतही क्वचितच झाले असेल.

आता पहिला धर्म अडाण्यांचा आणि दुसरा शहाण्यांचा, अशी वाटणी करण्याचा मोह सुशिक्षित प्रवाशाला होतो. मला ती नामंजूर आहे. हृदयसूत्रात शारिपुत्राला दुःखही नाही आणि दुःखाचे मूळही नाही असे सांगणारा अवलोकितेश्वर आणि लुंगशानला दुःखितांच्या फिर्यादी ऐकणारी क्वान्यिन ही एकच विभूती आहे. आपल्याकडे औरंगाबादच्या सातव्या लेण्यात त्याच्या दोहों बाजूंना आग, तलवार, बेड्या, बुडते गलबत, सिंह, साप, हत्ती अशा संकटांत सापडलेली माणसे कोरली आहेत आणि सारी त्याचाच धावा करीत आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही प्रज्ञापारमितेचे अध्ययन करून येण्याची अट घातलेली दिसत नाही. मला तर वाटते, फिर्याद ऐकण्याचा खरा अधिकार शून्यता उमगलेल्यालाच पोहोचतो, कारण ज्याच्यापाशी ‘मी’ उरला नाही त्याचा निकालात हितसंबंध गुंतत नाही, नजराण्याने तो वळत नाही आणि अर्जदाराच्या क्षुद्रपणाने त्याचा अपमानही होत नाही.

तेव्हा एकच दिवस हाताशी असेल त्याने सकाळी लुंगशानला जाऊन आपले जे काही मागणे असेल ते नावपत्त्यानिशी निःसंकोच मांडावे, आणि मग ऊन कलण्याच्या आत पैतोउची गाडी धरावी. उलट क्रमाने जाणाऱ्याला मागण्याचीच लाज वाटण्याचा संभव आहे.