तिसरी घागर

नेमणुकीचा कागद हातात पडला तेव्हा डहाणू तालुका कुठे आला, हे तिला नकाशात शोधावं लागलं. ती माणदेशातली, दहिवडीपासून आत असलेल्या एका वाडीतली. माणात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरही पाऊस भरवशाने पडत नाही. डहाणूत तो २००० मिलिमीटरच्या वर पडतो. जूनच्या मध्यावर ती पाड्यावर पोहोचली तेव्हा तिची छत्री उलटी झालेली होती आणि पेटीतली पुस्तकं भिजली होती.

शाळेला लागून राहण्याची सोय नव्हती. एका वारली कुटुंबाने आपल्या घराच्या कडेची खोली तिला दिली. कारवीच्या काड्यांचे कूड उभे करून, त्यावर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंती. वर कौलं. एकच खिडकी आणि तीही पावसासाठी प्लास्टिकच्या कागदाने बंद केलेली. पलीकडच्या चुलीचा धूर कुडाच्या फटीतून आत यायचा आणि वरच्या वाशांवर बसायचा. दिवसाही दिवा लावल्याशिवाय वहीतली अक्षरं दिसत नव्हती.

घरापासून इतक्या लांब ती पहिल्यांदाच राहत होती. शाळा सुटली, मुलं पांगली की त्या खोलीत शिरायला तिचा पाय उचलत नसे. रात्री मोबाइलवर ती शहरातल्या मुलींच्या खोल्यांची चित्रं बघत बसायची. पांढऱ्या भिंती, त्यावर बारीक दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात हिरवी वेल, रंगीत उशा. खोली अशी असली तर करमेल, असं तिला मनापासून वाटायचं. ही इच्छा वावगी नव्हती. माणूस जिथे पाठ टेकतो ती जागा आपली वाटावी, ही काही चैन नव्हे.

त्या वेळी प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिना ६००० रुपये मानधन होतं. त्यातले निम्मे घरी जात. किराणा आणि जाण्यायेण्याचा खर्च वगळून तिने खोलीसाठी ५०० रुपये बाजूला काढले. एका रविवारी डहाणूच्या बाजारात जाऊन तिने फुलपाखरांचे स्टिकर, प्लास्टिकच्या पानांची वेल आणि दिव्यांची एक माळ आणली. संध्याकाळभर खपून सगळं लावलं. मुलांनी दारातून डोकावून बघितलं आणि ती खूष झाली.

सकाळी उठली तेव्हा निम्मी फुलपाखरं जमिनीवर होती. शेणमातीच्या लेपावर डिंक धरत नाही. स्टिकर सुटताना लेपाचा पापुद्राही घेऊन खाली आला होता, आणि जिथे जिथे फुलपाखरू होतं तिथे भिंतीला चट्टा पडला होता. वेलीच्या पानांवर धुराचा चिकट थर बसला. वीज गेली की माळेचा उपयोगच नव्हता आणि पावसाळ्यात वीज वरचेवर जायची. पुढच्या महिन्याच्या मानधनापर्यंत हातात काही उरलं नव्हतं.

मग तिला दुसरी कल्पना सुचली. आपण वारल्यांच्या घरात राहतो, तर भिंतीवर वारली चित्रच का नसावं? तिने मोबाइलवर एक सुंदर चित्र शोधलं. मधोमध नक्षीदार चौकट, आत एक देवी, भोवती झाडं आणि नाचणारी माणसं. ते घेऊन ती घरच्या आजीकडे गेली. आजीने तरुणपणी आसपासच्या पाड्यांवरच्या कितीतरी लग्नांत भिंती लिहिल्या होत्या. चित्र काढलं असं इथे कोणी म्हणत नाही, लिहिलं असंच म्हणतात.

आजीने मोबाइल लांब धरून बघितलं आणि मान हलवली.

"हा लग्नाचा चौक आहे, बाय. आत पालघट बसली आहे. तुझ्या खोलीत लग्न कुणाचं?"

"लग्न नाही, आजी. नुसतं शोभेला."

"मग ती कशाला येईल?"

तिने पैशाचं विचारलं. पुढच्या महिन्यात देते म्हणाली. आजी रागावली नाही, पण हललीही नाही. चौक लिहायला लग्नघरातल्या सवासिणी बसतात, धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. पालघट ही सुफळतेची देवी. तिला बोलावण्याची वेळ असते, कारण असतं, आणि ते नसताना भिंतीवर तिला बसवणं आजीच्या लेखी तिला दारात तिष्ठत ठेवण्यासारखं होतं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. वारली चित्रं आज कपांवर, पडद्यांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सगळीकडे दिसतात. २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यातून पाड्यापाड्यांवरच्या चित्रकारांच्या हाताला काम मिळत असेल तर ते चांगलंच आहे. पण कारखान्यात छापलेला चौक बैठकीच्या सोफ्यामागे चिकटवताना, तो कुणाच्या घरी कधी लिहिला जातो, हे विचारण्याचे कष्टही आपण घेत नाही. आजीने त्या मुलीला नाही म्हटलं, हे तिच्यावर केलेले उपकारच होते.

कारण आजी तिथे थांबली नाही. काठी टेकत ती खोलीत आली आणि भिंतीवरचे चट्टे तिने बोटांनी चाचपले.

"आधी भिंत बरी कर. मग बोलू."

पुढच्या रविवारी आजीने तिला सारवायला बसवलं. माणातली मुलगी, शेणाने जमीन सारवणं तिला नवं नव्हतं, पण उभी भिंत सारवताना हात कसा वरून खाली ओढायचा, ओल किती ठेवायची, चट्ट्यांत आधी माती कशी दाबायची, हे तिने तेव्हा शिकून घेतलं. लेप वाळल्यावर त्यावर गेरू. भिंत विटकरी लाल झाली आणि तिचा नुसता रंगच इतका देखणा होता, की तिला वाटलं आता काही नको.

आजीच्या मुलाने आणखी एक गोष्ट सुचवली. कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवायचं. त्याच्या ओळखीच्या एकाचं घर पाडून नवं बांधत होते, तिथलं जुनं कौल तो मागून घेऊन आला. पाऊस उघडल्याच्या एका दुपारी वर चढून त्याने एक मातीचं कौल काढलं आणि तिथे काचेचं सरकवलं. उजेडाचा एक चौकोन खाली पडला. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर असायचा, दुपारी जमिनीवर उतरायचा आणि शाळा सुटून ती येईपर्यंत पूर्वेच्या भिंतीवर चढलेला असायचा. आपण कुठे बसून वाचावं, पाण्याचा हंडा कुठे असावा, अंथरूण कुठल्या बाजूला घालावं, हे तिने त्या उजेडाकडे बघून ठरवलं. घर सजवण्याच्या सल्ल्यांत पडद्याच्या रंगापासून सुरुवात होते. खरं तर उजेड कुठून येतो आणि कुठे जातो हे बघून मग बाकीच्या गोष्टींकडे वळावं, असं माझं मत आहे. त्याला पैसे लागत नाहीत. आठवडाभर खोलीत नीट राहावं लागतं, इतकंच.

भिंत तयार झाली तेव्हा आजीने तांदूळ भिजत घातले. वाटून, पाणी आणि थोडा डिंक घालून त्याचा पांढरा रंग केला. बांबूची बारीक काडी घेतली, तिचं टोक दातांनी चावून तंतू मोकळे केले आणि तो कुंचला तिच्या हातात दिला.

"मला चित्र येत नाही, आजी."

"दोन त्रिकोण येतात ना? टोकाला टोक लाव. वर छाती, खाली कंबर. झाला माणूस. हातपाय रेघांचे."

"पण काढू काय?"

"तू बघितलंस ते."

तिने आधी इथलंच काहीतरी काढायला घेतलं. तारपा वाजवणारा, भोवती फेर धरलेली माणसं. आजीने विचारलं, तू तारपा कधी ऐकलास? ती गप्प झाली. तिने तो ऐकला नव्हता. अजून वर्ष व्हायचं होतं तिला इथे.

याच तालुक्यात गंजाडच्या कलंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहत. चौक लिहिणं हे बायकांचं काम असताना हा माणूस लग्नाचं निमित्त नसतानाही चित्र काढत बसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी मशांसारख्यांच्या हाती कागद दिला आणि ही चित्रं भिंतीवरून बाहेरच्या जगात पोहोचली. १९७६ साली मशांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. त्यांनी मासे धरायचं जाळं काढलं, रोजच्या कामांतली माणसं काढली. वारली चित्रकला जगभर गेली ती डोळ्यांसमोरचं काढणाऱ्या माणसाच्या हातून. आजीने हे काही तिला सांगितलं नाही. तिने फक्त तारप्याची अर्धी रेघ ओल्या फडक्याने पुसून टाकली.

मग मुलगी बराच वेळ भिंतीसमोर बसून राहिली आणि हळूहळू काढायला लागली. दहिवडीकडे जाणारी एसटी. उघडा माळ. कोरडी विहीर आणि तिच्या काठावर वाकून बघणारी माणसं. दुष्काळातली चारा छावणी, ओळीने बांधलेली जनावरं, त्यांच्या शेजारीच झोपलेले त्यांचे मालक. टँकरमागे पळणारी गर्दी. डोक्यावर दोन घागरी घेतलेली आई आणि बाजूने चालणारी लहान मुलगी.

रोज थोडं थोडं होत गेलं. संध्याकाळी मुलं येऊन बसायची. टँकर बघून त्यांनी विचारलं, बाई, हा पाणी कुठे नेतो? गावाला पाणी टँकरने येतं यावर त्यांचा विश्वास बसेना. पाऊस नको म्हणून देवाला सांगणारी ती मुलं. विहिरीत पाणी का नाही, गुरं घरी का नाहीत, माणसं गुरांपाशी का झोपली, असे प्रश्न निघाले आणि भूगोलाचा जो धडा तिला वर्गात कधी रंगवता आला नव्हता तो तिथे रात्री जेवणवेळेपर्यंत चालला. एका मुलाच्या बापाने विणलेली बांबूची टोपली फुटली होती, ती त्याने आणून दिली. तिने ती उपडी करून दिव्यावर टांगली, आणि विणीतून झिरपणाऱ्या उजेडाच्या जाळीने भिंतीवरचा सगळा माळ भरून गेला. खिडकीला तिने जुन्या साडीचा पडदा शिवला. प्लास्टिकची वेल केव्हाच काढून टाकली होती.

शिमग्याच्या सुमाराला आई भेटायला आली. पोरगी जंगलात एकटी राहते या काळजीने तिने येताना हातानं शिवलेली वाकळ आणि लुगड्याच्या गाठीला थोडे पैसे आणले होते. एखादं कपाट घे, काहीतरी घे, असं सांगायचं तिने ठरवलं होतं. खोलीत शिरली आणि भिंतीसमोर उभीच राहिली. एसटी ओळखली. विहीर ओळखली. छावणीतला आपला बैल कुठला म्हणून विचारलं. मग घागरी घेतलेल्या बाईपाशी येऊन थांबली.

"ही मी?"

"हो."

"मग तिसरी कुठाय?"

"कसली तिसरी?"

"घागर. डोईवर दोन अन् कडंवर एक. तू चालाय लागलीस, कड मोकळी झाली, मग तिथं घागर आली."

लेकीला ती आठवत नव्हती. इतकी वर्षं त्या बाईच्या बाजूने चालूनही तिने ती बघितली नव्हती. आईने काडी मागितली. आयुष्यात पेन्सिलही क्वचितच धरलेली ती बाई खाली बसली आणि कमरेच्या त्रिकोणाला लगटून तिने एक गोल काढला. वाकडाच आला. घरच्या आजीने दारातून बघितलं आणि आत येऊन तिच्या शेजारी बसली. दोघींची बोली एकमेकींना नीट कळत नव्हती, तरी पाणी किती लांबून आणावं लागे, यावर त्या बराच वेळ बोलल्या. कपाटाचा विषय निघाला नाही. ते पैसे आईने परत नेले, घरची कौलं शाकारायची होती.

दुसरा पावसाळा आला. पावसाने कुडाची खालची बाजू भिजली, लेपाला पोपडे आले, गेरू उतरायला लागला. छावणीतली जनावरं पायांपासून विरघळत चालली. मुलीने घाईघाईने प्लास्टिकचा कागद आणून भिंतीवर ठोकला. आत ओल कोंडली आणि पोपडे आणखी वर चढले.

पाऊस सरला, भात कापणीला आलं आणि घरोघर सारवणं सुरू झाली. आजी शेणमातीची पाटी घेऊन तिच्याही खोलीत आली. मुलगी भिंतीला आडवी उभी राहिली.

"आजी, ही भिंत नको. हे पुसलं जाईल."

"जाणारच. दर वर्षी जातं."

"माझ्या आईने काढलेली घागर आहे त्यात."

आजीने पाटी खाली ठेवली. "आता ती घागर तुला ठाऊक झाली ना? आणि वर्षभर इथे राहिलीस, या वर्षात काही बघितलंच नाहीस का?"

मुलीने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच कागदाचे खिळे काढले आणि पदर खोचला. भिंत वाळायला दोन दिवस लागले, त्यावर गेरू झाला, तांदूळ भिजले. संध्याकाळी मुलं जमली तेव्हा ती बांबूच्या काडीचं टोक चावत बसली होती. यंदा काय काढायचं, तिने विचारलं. एकदम गलका झाला. कुणाला तारपा हवा होता, आणि तो तिनेही आता रात्रभर जागून ऐकला होता. कुणाला बाईंची आई हवी होती. शेवटी ओढ्याच्या पुरावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण त्या दिवशी शाळा मधेच सोडून बाईंनी मुलांना हाताला धरून पलीकडे नेलं होतं.

"पाणी कुठवर आलं होतं?" तिने काडी रंगात बुडवत विचारलं.

एकाने गुडघा दाखवला, दुसऱ्याने कंबर, आणि तिसरा म्हणाला की दोघंही खोटं बोलतात.