आजचं चिंतन : घोडे सोडणं आणि पुन्हा जुंपणं

आजचं वाचन द्रोणपर्वातलं. युद्धाचा चौदावा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू पडलाय. सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि नेमकं भर रणात कृष्ण रथ थांबवतो. घोडे दमलेत, बाणांनी जखमी झालेत, तहानलेत. अर्जुन खाली उतरून एकटा सैन्य थोपवतो, बाणाने जमीन फोडून पाणी काढतो. कृष्ण घोडे सोडतो, अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो.

ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती. कळली गेल्या महिन्यात.

बाबा शहरात आयसीयूमध्ये होते, व्हेंटिलेटरवर. भेटायला दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्यातच खुलताबादजवळच्या आमच्या गावाहून फोन आला, मोत्या सारखा लोळतोय. मोत्या म्हणजे बाबांचं तट्टू. वरातीत पाय घसरून कायमचं लंगडं झालेलं, मालकाने विकायला काढलेलं, बाबांनी घरी आणलेलं.

पशुवैद्य म्हणाले, पोटशूळ आहे, आतडं तुंबलंय. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे प्रकरण जिवावर जाऊ शकतं. नाकातून नळी घालून त्यांनी पोटात औषधी तेल सोडलं. बाबांच्याही नाकात नळीच होती. मग सूचना : लीद पडेपर्यंत चारा बंद, पाणी समोर ठेवा, थोडं थोडं चालवा. जबड्याखाली नाडी मोजा. एरवी मिनिटाला 28 ते 44. साठच्या वर गेली तर लगेच फोन करा.

लंगड्याला चालवायचं म्हणजे दहा पावलं आणि विसावा. मी दोन रात्री तेच केलं. ताईचा फोन आला, "बाबा व्हेंटिलेटरवर, आणि तू लीद शोधत बसलास?" मी म्हटलं, मुकं जनावर आहे गं. अगदी खरं सांगायचं तर ते अर्धंच खरं होतं. डॉक्टरांनी बाबांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायला संमती मागितली होती, आणि मी तीन दिवस "उद्या सांगतो" म्हणत होतो. गोठ्यात माझ्या हाताला काम होतं. तिकडे नुसता कागद होता, आणि सहीची भीती.

तिसऱ्या दिवशी पहाटे मोत्याने लीद टाकली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी शेण-लीद बघितली नव्हती! नाडी बेचाळीस. त्याला मूठभर गवत दिलं आणि तिथेच बसून मोबाईलवर हा प्रसंग वाचला. तेव्हा शेवटची ओळ पहिल्यांदा नीट दिसली. कृष्ण घोडे पुन्हा जुंपतो.

आपण अर्धीच गोष्ट सांगतो. देवाला मुक्या जिवाची दया, वेळ नसतानाही वेळ काढला. बरोबरच आहे. दमलेले घोडे हाकलून जयद्रथापर्यंत पोचता आलं नसतं. पण त्या पाण्याकाठी तो रमला नाही. घोड्यांची सेवा झाली, आणि रथ जिथे जायचं तिकडेच निघाला. सेवा आणि पळवाट बाहेरून सारखीच दिसतात. फरक कळतो तो जुंपायच्या वेळी.

मी सात वाजता दवाखान्यात पोचलो. ताईचा हात धरून सही केली. बाबा अजून तिथेच आहेत. पुढचं माउलींच्या हाती. मोत्या गावी उभा आहे, तीन पायांवर भार टाकून.

आज तुमच्या दारात जे लंगडं, आजारी उभं असेल, त्याला पाणी जरूर पाजा. पण मंडळी, कुठली सही राहिली आहे, तेही एकदा बघा.

राम कृष्ण हरि.