एक टक्का तळहात

भाजलेला रुग्ण दवाखान्यात आणला की 'किती टक्के भाजलंय?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि तो अनाठायीही नसतो, कारण कातडीचा किती भाग जळाला आहे यावरच सलाइनचे प्रमाण, जंतुसंसर्गाचा धोका आणि जीव वाचण्याची शक्यता बरीचशी ठरते. या हिशेबात बोटांसह एक तळहात म्हणजे साधारण 1 टक्का. परंतु हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या, चांदीच्या दागिन्यांवर आणि विशेषतः पैंजणांवर जगणाऱ्या गावात कारागिराचा तळहात भाजतो तेव्हा केसपेपरवरचा आकडा किरकोळ दिसतो आणि घराची मिळकत मात्र त्याच एका टक्क्यावर उभी असते.

चांदी सुमारे 962 अंश सेल्सिअसला वितळते. ती मुशीत वितळवणे, तार ओढणे, कड्या गुंफणे आणि टाकणखार लावून ज्योतीवर झाळणे यांपैकी बरीचशी कामे येथे घरोघरी चालतात व त्यांत बायकांचाही हात असतो. त्यामुळे अपघाताची जागा आणि घर वेगळे राहत नाही. भाजल्यानंतर जडू शकणाऱ्या आघातोत्तर तणाव विकारात, म्हणजे भयंकर प्रसंग नकळत पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकून जाग येणे आणि त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे या अवस्थेत, टाळाटाळ हे प्रमुख लक्षण मानले जाते. पण शेजारच्या खोलीतून गॅसच्या ज्योतीचा फुरफुराट रोज ऐकू येत असेल तर टाळायचे म्हणजे धंदाच सोडायचा. आगीनंतरच्या अशा त्रासाची नोंद जुनीच आहे. बॉस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला 28 नोव्हेंबर 1942 रोजी लागलेल्या आगीत 492 माणसे दगावली. त्यातून बचावलेल्यांना मनोविकारतज्ज्ञ अलेक्झांड्रा ॲडलर यांनी तपासले, तेव्हा भय, निद्रानाश आणि आपणच का वाचलो ही टोचणी महिनोन्‌महिने टिकल्याचे आढळले. या विकाराला आजचे नाव मिळाले ते 1980 मध्ये.

मनाच्या त्रासाची मुळे पुष्कळदा शरीरातच असतात, हे मात्र सहज विसरले जाते. भरून आलेला व्रण रात्री खाजतो आणि झोप मोडते. त्वचारोपण केलेल्या भागाला नीट घाम येत नाही, म्हणून भट्टीजवळचा एप्रिल असह्य होतो. व्रण जाड होऊ नये म्हणून दिवसाचे तेवीस तास घालायचा घट्ट दाबवस्त्राचा हातमोजा त्या उकाड्यात कितीजण घालत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. भाजलेल्यांच्या जीवनमानाचे मोजमाप करण्यासाठी 1982 मध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीच्या संक्षिप्त रूपात हाताची हालचाल, उष्णतेचा त्रास, स्वतःच्या रूपाविषयीची भावना, काम आणि नातीगोती यांबद्दल 40 प्रश्न आहेत. भाजण्याची टक्केवारी आणि मानसिक त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. घरच्यांचा आधार, आधीचे मानसिक आजार आणि कामावर परतण्याची शक्यता यांचे वजन अनेकदा अधिक भरते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. 'लॅन्सेट'मध्ये 2009 साली आलेल्या अभ्यासाने 2001 या वर्षी भारतात आगीमुळे 1,63,000हून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज बांधला, त्यांत सुमारे 65 टक्के स्त्रिया होत्या. अशा देशात भाजलेल्या सुनेचा पोलीस जबाब आवश्यकच ठरतो. पण खरोखर अपघातानेच भाजलेल्या बाईलाही 'हिने पेटवून घेतलं की हिला पेटवलं?' ही कुजबुज पुढे वर्षानुवर्षे ऐकावी लागते आणि 'मला ज्योतीची भीती वाटते' हे साधे वाक्यही तिला जपून उच्चारावे लागते.

कायद्यानेही येथे अर्धेच पाऊल टाकले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ॲसिडहल्ल्याच्या पीडितांचा नावानिशी समावेश करतो. मुशीतली चांदी सांडून हात आखडलेल्या कारागिराला मात्र हालचालीतील अपंगत्व सिद्ध करावे लागते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांची अट असते.

हुपरीहून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात ड्रेसिंगला जायचे म्हटले तरी कामाचा दिवस मोडतो. समुपदेशनासाठी निराळी तारीख दिली तर ती पाळली जाण्याची आशा कमीच. म्हणून झोप, खाज आणि भीती यांची विचारपूस ड्रेसिंगच्याच दिवशी, त्याच टेबलाशी व्हायला हवी, आणि 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच केसपेपरवर लिहून द्यायला हवा.