बांध कुणाचा, ओल कुणाची

हा मजकूर घाईनं वाचायचा नाही. एक परिच्छेद वाचा, थांबा, मग पुढे चला. बसायला जागा कुठलीही चालेल. मन मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या शिवारात न्या. दिवस भाद्रपद सरतीचे धरा. गाव मागे पडलं की काळं रान सुरू होतं आणि दूरवर नजर अडवणारं काही मध्ये येत नाही. झाडं विरळ, वस्ती लांब. नवख्याला हे रान रिकामं वाटेल. तसं वाटलं तरी वाटू द्या, आणि श्वास संथ होईपर्यंत तिथेच उभे राहा.

आता लक्ष पायाखाली आणा. ही माती ओली झाली की फुगते, पायताणाला चिकटते. सुकली की आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ती मीटरभर खोल असेल तर साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पिकाच्या मुळांसाठी धरून ठेवते. इथला वर्षाचा पाऊस सरासरीनं पाचशे मिलिमीटरच्या आसपास. जुन्या काळी पेवात ज्वारी साठवत, तसं हे रान पावसाळ्याचं पाणी पोटात साठवतं आणि थंडीभर मालदांडी ज्वारी त्यावर वाढते. जुन्या रीतीच्या शेतीत पेरल्यापासून काढेपर्यंत पाण्याची एकही पाळी नसते. ज्वारीचं कोठार ही मंगळवेढ्याची ओळख या ओलीवर उभी आहे. 2016 मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या दाण्याचं या मातीशी असलेलं नातं कायद्यानंही मान्य केलं.

ही ओल मनात धरा. ती दिसत नाही, पण वर जे काही उभं आहे ते तिच्या जिवावर उभं आहे.

या ओलीची राखण कोण करतं, याचा विचार करा. उन्हाळ्यात नांगरट होते. पावसाळ्यात रानात छोटे वाफे पाडून ठेवायचे, म्हणजे पडलेला थेंब धावत ओढ्याकडे न जाता जागीच मुरतो. पेरणीनंतर कोळपणी. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्याच्या सुमारास. शेवटच्या कोळपणीनं भेगा मातीनं बुजतात आणि खालची ओल वाऱ्यावर उडून जात नाही. सोलापूरला 1933 मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं आणि या कामांना शास्त्राची जोड मिळाली. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा. पण एखाद्या तुकड्यात माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, हे कोणत्याही कार्यालयातल्या नकाशावर तितकं बारीक उमटत नाही. ज्याचा नांगर तिथे दरवर्षी अडतो, त्याला ते माहीत असतं.

इथे थोडं थांबा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या रानाबद्दल असं बारीक ज्ञान कुणाकडे आहे, त्या माणसाचा चेहरा आठवा. हवामान बदलाच्या एखाद्या बैठकीला त्याला कधी बोलावलं होतं का?

आता नजर वर, आभाळाकडे न्या. रब्बीचं इथलं गणित परतीच्या पावसावर चालतं. उत्तरा नक्षत्रानं रान भिजवायचं, हस्तानं ओल पुरी करायची, की पेरणी. हस्ताचा पाऊस 27 सप्टेंबरच्या आसपास सुरू होणाऱ्या पंधरवड्याचा. तो पंधरवडा कोरडा गेला तर पीक उगवूनही सुकतं, आणि एकदम कोसळला तर पेरलेलं वाहून जातं. 2020 च्या ऑक्टोबरच्या मध्यावर सोलापूर जिल्ह्यानं हे दुसरं रूप पाहिलं. अतिवृष्टी झाली, भीमेला पूर आला, काठची रानं पाण्याखाली गेली. पुढे 2023 मध्ये पावसानं ओढ दिली आणि ज्या जिल्ह्यानं पूर पाहिला होता त्यानंच पुन्हा टँकरची वाट पाहिली. हवा तापते तशी ती जास्त बाष्प धरते. म्हणून पावसाचे दिवस घटले तरी एका दिवसाचा मारा वाढतो. वर्षाची सरासरी कागदावर तीच दिसते, आणि शेतकऱ्याच्या हाती वर्ष काही लागत नाही.

हे ऐकून मन घाबरं होतं. होऊ द्या. भीतीच्या पाठोपाठ बहुतेकांच्या मनात येतं की सरकारनं काहीतरी केलं पाहिजे. तो विचार चूक नाही, पण त्याला जरा बाजूला बसवा आणि बांधावर चला.

बांधाला या भागात मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात 1942 मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि पुढच्या काळात दुष्काळी टापूत सरकारी खर्चानं समपातळी बांध घातले गेले. आखणी चोख होती: जमिनीची पातळी जिथे सारखी, तिथून बांध. पण ती रेघ कुणाच्या वहिवाटीची हद्द विचारत नव्हती. ती एखाद्याच्या शेताच्या मधोमध जायची आणि कोपऱ्यात औत फिरेना असा तुकडा उरायचा. त्यात खोल काळ्या मातीत बांधाच्या पोटाशी पाणी तुंबायचं, आणि भेगा पडल्या की बांधच फुटायचा. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी ते बांध नांगरून मोकळे केले. आखणाऱ्याला ते अडाणीपणाचं वाटलं. शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. त्याच्या वाडवडिलांनी घातलेल्या ताली हद्दीवर होत्या, उताराची माती हळूहळू अडवत त्या पिढ्यान्‌पिढ्या उंच झाल्या होत्या, आणि जादा पाणी बाहेर काढायला त्यांना सांड ठेवलेली होती.

त्या मोडलेल्या बांधापाशी जरा बसा. पाण्याचं शास्त्र बरोबर होतं आणि माणसांना विचारलेलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मनात नीट उतरू द्या.

बांध झाला. आता वळा गावकुसाकडे. मंगळवेढ्याचं गावकूस म्हटलं की संत चोखोबांची आठवण येते. परंपरा सांगते की 1338 मध्ये इथलं कूस बांधण्याचं काम चाललं असताना ते कोसळलं आणि कामावर असलेले चोखोबा त्याखाली गेले. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी समाधी बांधली. ज्या कुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती, ते कूस उभारायला त्यांचे हात चालत होते.

ही गोष्ट मनातून लवकर जाऊ देऊ नका. तिच्या उजेडात आपल्या काळातली कामं पाहा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानं लाखो माणसांना खडी फोडण्याचं, पाझर तलावाचं, नालाबंडिंगचं काम दिलं. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, आणि देशानं पुढे त्याच धर्तीवर पाऊल टाकलं. माणसं जगली, हे लहान काम नव्हे. पण ज्या भूमिहीन बाईनं डोक्यावर पाट्या वाहून तलाव बांधला, तिच्या वाट्याला त्या तलावाचं पाणी आलं का? पाझर खालच्या विहिरींना लागला, विहिरी जमीनवाल्यांच्या. बाईला मजुरी मिळाली आणि ती पुढच्या कामावर गेली. अलीकडे पाणलोटाच्या कामांच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्तानं गावंच्या गावं उन्हाळ्यात श्रमदानाला उतरली. याच जिल्ह्यातली, बार्शी तालुक्यातली सुर्डी 2019 मध्ये त्यात राज्यात पहिली आली. वेगवेगळ्या जातींची, पक्षांची माणसं एका चरात उतरलेली दिसली, आणि तो आनंद खरा होता. तरी चर खोदून झाल्यावर, पाऊस पडून गेल्यावर एक प्रश्न उरतोच: घाम सगळ्यांचा होता, मग ओल कुणाकुणाची?

आणखी थोडं दक्षिणेला चला. रान हलकं होत जातं, मुरूम वर येतो, कानावर मराठीच्या जोडीला कानडी पडते. इथल्या गावांनी पाण्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले, मतदानावर बहिष्कार टाकण्यापर्यंत गेले, हे जिल्ह्याला माहीत आहे. याच भागात हुलजंती. दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातून माणसं लोटतात. पालख्यांची भेट, भंडाऱ्याची उधळण, आणि पुढच्या पावसापाण्याबद्दलची भाकणूक ऐकायला टवकारलेले कान. यात्रेला येणाऱ्यांत पुष्कळ धनगर असतात, मेंढरांवर जगणारे. पाणलोटाच्या कामात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे दोन नियम हमखास येतात. डोंगरउतारावर गवत धरायला ते लागतातही. पण बंदीचा ठराव ज्या दिवशी होतो, त्या दिवशी मेंढका बहुधा मेंढरांमागे दूर कुठेतरी असतो. परत येतो तेव्हा त्याची वाट बंद झालेली असते. त्याला आधी विचारलं असतं तर कोणता उतार कोणत्या महिन्यात मोकळा ठेवायचा, कोणतं गवत चरल्यानं वाढतं, हे त्यानं सांगितलं असतं.

पुन्हा एकदा श्वास संथ करा. आतापर्यंत भेटलेली माणसं डोळ्यांसमोर आणा: नांगर अडतो ती जागा ओळखणारा शेतकरी, पाट्या वाहणारी बाई, मेंढका. आता मनातल्या मनात त्यांना एका सतरंजीवर बसवा आणि विचारा, पाणी कसं वाटायचं?

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रात हे झालेलं आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. नियम थोडे होते आणि कडक होते. पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. उसाला पाणी नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याचाही पाण्यावर हक्क. योजनेच्या खर्चातला वाटा लाभधारकांनी घालायचा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं 1990 नंतर पाणलोटाची कामं केली, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हे गावानं स्वतःवर घालून घेतलं. दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवण्याची रीत त्यांनी पाडली. चर आणि बांध तर इतर शेकडो गावांतही झाले. या गावांनी वाटपाचा नियम आधी ठरवला, म्हणून कोरड्या वर्षी ती पुष्कळशी सावरून राहिली.

शेवटी मंगळवेढ्याच्या मुख्य आठवणीकडे या. पंधराव्या शतकातला दुष्काळ. बिदरच्या बादशहाचं धान्य या गावच्या कोठारात आणि दामाजीपंत त्याचे अंमलदार. त्यांनी कोठारं भुकेल्यांसाठी उघडली. पुढे विठू महाराच्या रूपानं विठ्ठलानं त्या धान्याची रक्कम भरली, ही कथा महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आपण कथेचा हा उत्तरार्ध फार आळवतो. पूर्वार्धावर मन लावा. भरलेलं कोठार होतं, किल्ली एका माणसाच्या हाती होती, आणि त्यानं ठरवलं की संकटात साठा सगळ्यांचा.

आजचं कोठार जमिनीखाली आहे. किल्ली म्हणाल तर ज्याचं बोअर सगळ्यात खोल, त्याच्या हाती. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहिरीला मनाई केली आहे. कायदा पुस्तकात आहे आणि बोअरच्या गाड्या रात्री फिरतात. पाऊस लहरी झाला की प्रत्येकाला वाटतं, शेजाऱ्याच्या आधी आपण खाली पोहोचावं. दहा जण पोहोचले की अकराव्याची विहीर आटते, आणि दोन-चार वर्षांत त्या दहांचीही. या शर्यतीत तुम्ही कुठे उभे आहात, हे स्वतःला विचारा. उत्तर कुणाला सांगायचं नाही, म्हणून खरं द्या.

एवढं मनन झाल्यावर माझ्यापुरता निकाल स्पष्ट आहे. बदललेल्या पावसाला तोंड द्यायला रानं बदलावी लागतील: वाफे, ताली, चर, गवताचे उतार, ओलीवर येणारी पिकं. पण ज्यांच्या घामानं हे होणार त्यांना आखणीत आणि वाटपात जागा नसेल, तर आपण पुन्हा एकदा कूसच बांधत असू.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर: या दिवसांच्या ग्रामसभा गावोगाव ठरलेल्या असतात. पुढच्या सभेला जा. पाणलोटाचा आराखडा वाचून दाखवायला सांगा. शिवारफेरी निघेल तेव्हा तिच्यात भूमिहीन मजूर, बाया आणि मेंढके आहेत की नाहीत ते पाहा. नसतील तर ते येईपर्यंत फेरी थांबवा. आणि पहिली कुदळ पडण्याआधी, साठलेलं पाणी कुणाला किती मिळणार याचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.