वृत्तिपालट आणि स्वधर्म

गृहस्थाश्रमाचा भार मोठा असतो. चाळिशी गाठलेला एखादा चित्रकार घ्यावा. पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिरातींची चित्रे आणि चित्रकलेच्या शिकवण्या यांवर त्याने आजवर संसार चालविला. आता मिळकत आटत चालली आहे, मुलांचे शिक्षण पुढे उभे आहे, वृद्ध आईबापांचे औषधपाणी चालू आहे. कुंचला खाली ठेवावा व संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची विद्या शिकावी, असे त्याला वाटू लागते. परंतु नित्य गीतापाठ करणाऱ्या त्या गृहस्थाच्या मनात एक शंका काट्यासारखी सलते. आपला धर्म उणा भासला तरी तोच हितकर, असा उपदेश भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात केला व अठराव्यात पुन्हा केला. मग हा पालट म्हणजे स्वधर्माचा त्याग होईल काय?

ज्याला हा उपदेश झाला, त्या अर्जुनाच्याच चरित्रात या शंकेचे उत्तर आहे. अर्जुनापुढे वृत्तिपालटाचे दोन प्रसंग आले. पहिला विराटनगरीत. अज्ञातवासाची प्रतिज्ञा पाळण्यासाठी त्याने गांडीव शमीवृक्षावर ठेवले आणि बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला गायन, वादन व नृत्य शिकविले. ही विद्या त्याने पूर्वी चित्रसेन गंधर्वापासून घेतली होती. वर्षभर तो धनुर्धर नृत्यशिक्षक होता. त्यात त्याने हीनपणा मानला नाही, आणि त्याचा क्षात्रधर्मही लोपला नाही. दुसरा प्रसंग कुरुक्षेत्रावरचा. तेथे युद्ध सोडून भिक्षेवर जगावे, असे तो म्हणू लागला. आणि भगवंतांनी त्याला निवारले.

एकाच पुरुषाचा एक पालट धर्म्य ठरला व दुसरा का ठरला नाही? भिक्षा नीच म्हणून नव्हे; ब्रह्मचारी व संन्यासी यांची ती शास्त्रमान्य वृत्ती आहे. भेद कर्मात नव्हता, प्रेरणेत होता. विराटनगरीत कर्तव्याने त्याला नवे काम दिले. कुरुक्षेत्रावर शोक व मोह त्याला कर्तव्यापासून दूर ओढीत होते. मोहाने केलेला त्याग तामस व क्लेशाच्या भयाने केलेला त्याग राजस, असा निवाडा अठराव्या अध्यायात आहे तो याच अर्थाने.

संस्कृतात ‘वृत्ति’ या एकाच शब्दाने उपजीविकाही सांगितली जाते आणि चित्ताची अवस्थाही. पहिली वृत्ती बदलण्यापूर्वी दुसरी तपासावी, हे येथील मर्म होय. शेजाऱ्याचे वैभव पाहून चित्रकाराने कुंचला टाकला, तर तो लोभ. उलट, घरात चूल पेटण्याची भ्रांत असता ‘मी कलावंत आहे’ एवढ्याच अभिमानाने तो हटून बसला, तर तीही स्वधर्मनिष्ठा नव्हे; तो अहंकार होय. पोष्यवर्गाचे पालन हाही गृहस्थाचा स्वधर्मच आहे, आणि संकटकाळी अन्य वृत्ती स्वीकारण्यास धर्मशास्त्राने आपद्धर्म म्हणून मोकळीक दिली आहे.

यावर कोणी म्हणेल, कलावंताचा स्वभाव भावनेचा, संगणकाचे काम गणिताचे; स्वभावाविरुद्ध कर्म कसे साधेल? वस्तुतः ही भिंत मानली जाते तितकी उंच नाही. पिंगलाचार्यांनी लघु व गुरू या दोनच खुणांवर काव्याची छंदोरचना मोजली. तीन अक्षरांचे आठ गण त्यातूनच निघतात. संगणकाचा व्यवहारही शून्य व एक या दोनच अंकांवर चालतो. हॅरल्ड कोहेन या इंग्रज चित्रकाराची चित्रे १९६६ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडली गेली होती. अशी प्रतिष्ठा मिळाल्यावर १९६८ साली तो कॅलिफोर्नियास गेला आणि वयाच्या चाळिशीत संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकला. रेषा कोठे मिटते, आकृतीचे आत कोणते व बाहेर कोणते, हे नियम त्याने यंत्रासाठी लिहिले. ‘आरॉन’ नावाची ती आज्ञावली तो २०१६ साली मृत्यू येईपर्यंत सुधारीत राहिला. साधन पालटले, पाहण्याची साधना पालटली नाही.

म्हणून अशा गृहस्थाने घाईने कुंचलाही टाकू नये व भयाने नवी विद्याही टाळू नये. चालू काम सांभाळून काही महिने रोज पहाटे तास-दोन तास अभ्यास करावा. चूक शोधताना चित्त रमते की केवळ वेतनाच्या आकड्याकडे धावते, हे प्रामाणिकपणे पाहावे. घरची शिल्लक किती दिवस पुरेल, याचा विचार पत्नीसह बसून करावा; कारण संसार एकट्याचा नाही. नव्या धंद्यात दोष नाहीत असेही मानू नये. धूर जसा अग्नीबरोबर, तसा काही ना काही दोष प्रत्येक उद्योगाबरोबर असतोच. आज चित्रे काढणारी यंत्रे आली आहेत, तशी आज्ञावली लिहिणारीही आली आहेत. फळाची हमी कोणत्याच दारी नाही.

हमी आहे ती एवढीच की, निर्मळ हेतूने व पूर्ण मन लावून केलेले कर्म ईश्वराची पूजा होते. अज्ञातवास संपत असता गाईंच्या रक्षणाची हाक आली, तेव्हा शमीवरचे गांडीव अर्जुनाच्या हाती पूर्वीइतकेच समर्थ ठरले. कर्तव्यासाठी बाजूस ठेविलेली विद्या नष्ट होत नाही. चित्रकाराने कुंचला ठेवावाच लागला, तर तो असा शमीवर ठेवावा. मोहाच्या वाऱ्यावर टाकू नये. मग हाती रंग असो वा आज्ञावलीची अक्षरे असोत, स्वधर्म त्याच्याबरोबरच राहील.