सामर्थ्यभेद आणि समदृष्टी

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ एका प्रश्नाने होतो आणि तो विचारणारा धृतराष्ट्र जन्मांध आहे. युद्धापूर्वी महर्षी व्यासांनी त्यास दृष्टी देऊ केली होती. परंतु स्वजनांचा संहार पाहवणार नाही, केवळ ऐकेन, असे तो म्हणाला. तेव्हा व्यासांनी संजयास दिव्यदृष्टी दिली. ज्या गीतामृताचे आपण नित्य पठण करतो, ते एका अंध श्रोत्यास रणवृत्त सांगण्याच्या निमित्ताने जगास लाभले, हे किती जणांच्या ध्यानी येते?

धृतराष्ट्र अंध होता म्हणून त्याच्याकडून अधर्म घडला, असे प्रवचनांतून पुष्कळदा सुचविले जाते. हे न्याय्य नव्हे. पुत्रांना 'माझे' आणि पुतण्यांना 'पांडूचे' म्हणणारी ममता हा त्याचा दोष होता. दुर्योधनाचे दोन्ही नेत्र निर्दोष होते, तरी त्यास धर्म दिसला नाही.

आता अर्जुनाकडे पाहू. त्याच्या नेत्रांची अचूकता सर्वविश्रुत आहे. तथापि अकराव्या अध्यायात विश्वरूपदर्शनाचा प्रसंग येताच भगवंतांनी त्यास स्पष्ट सांगितले की, या तुझ्या डोळ्यांनी तू मला पाहू शकणार नाहीस. श्रेष्ठ धनुर्धराचे सामर्थ्यही तेथे अपुरे पडले! परंतु भगवंतांनी त्याची अवहेलना केली नाही, की त्यास मागे सारले नाही. त्यांनी त्यास दिव्य चक्षु दिले. व्यासांनी धृतराष्ट्रासाठी जे केले, त्याच जातीचे हे कार्य होय. उणीव दिसली की साधन पुरवावे, हाच यातील बोध.

कोणी म्हणेल, "भगवंतांनी समदृष्टी सांगितली, मग भेद पाहावाच कशाला?" पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि चांडाळ यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. हत्तीचे बळ श्वानास नाही, हे भगवंत नाकारीत नाहीत. सामर्थ्य भिन्न असले तरी अंतर्यामी असलेले ब्रह्म समान आहे, एवढेच ते सांगतात. देह हे क्षेत्र. त्यास जाणणारा क्षेत्रज्ञ पंगू, बधिर वा मूक नसतो.

"हे पूर्वजन्मीचे पाप" हा उद्गार तर आपण सर्वस्वी टाकला पाहिजे. कर्माची गती गहन आहे, असे स्वतः भगवंत चौथ्या अध्यायात सांगतात. मग दुसऱ्याच्या घरातील अपंग बालकाकडे पाहून त्याच्या कर्माचा हिशेब मांडणारे आपण कोण? कर्मसिद्धांत स्वतःच्या शोधनासाठी आहे. दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळण्यासाठी नव्हे.

मनुस्मृतीने अंध, बधिर आदिकांना वारशातून वगळले, जरी त्यांचे पोषण आवश्यक मानले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग वा व्यंग यांमुळे वारसाहक्क जाणार नाही, असे ठरविले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानून त्या सर्वांच्या हक्कांस मान्यता दिली. परंतु घरातील व्यवहार कायद्याने पालटत नाही. लग्नकार्यात बहिऱ्या मुलास आतल्या खोलीत बसविणारे, अधू कन्येचा उल्लेख पाहुण्यांपुढे टाळणारे आपणच असतो.

म्हणून गृहस्थाश्रमी सज्जनहो, घरी वा शेजारी असे कोणी असल्यास एवढे करावे. चाकांच्या खुर्चीसाठी उंबरठ्याशी उतरण बांधावी. बधिर बालकाची खुणांची भाषा सर्व घराने शिकावी. अंध विद्यार्थ्यास गीता वाचून दाखवावी, अथवा ब्रेल लिपीतील प्रत मिळवून द्यावी. मात्र त्यास काय हवे, हे प्रथम त्यालाच विचारावे. व्यासांनीही धृतराष्ट्रास विचारले होते, आणि त्याचा नकार मानला होता.

आज आपले हातपाय धड आहेत. वार्धक्य आले की तेही साथ सोडतील. त्या दिवशी ज्या आदराची आपण अपेक्षा करू, तो आज दुसऱ्यास द्यावा. सहाव्या अध्यायात सांगितलेली आत्मौपम्यदृष्टी ती हीच.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥