दोस्तीतला हिशोब

राजापेठला रूम करून राहणाऱ्या पोरांचा महिना हिशोबावर चालतो. दर्यापूर, मोर्शी, अचलपूरहून आलेले तिघं-चौघं. भाडं, गॅस, दूध, सगळं अ‍ॅपवर सारखं वाटलेलं. 'दोस्तीत कसला हिशोब?' असं म्हणणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा पैसे असतात. कापसाला भाव न मिळालेल्या घरचा पोरगा तसं म्हणू शकत नाही. चोख हिशोबामुळेच त्याची मान ताठ राहते.

पण ताप चढला तेव्हा इर्विनमध्ये रात्रभर बाकावर बसलेल्या मित्राचे किती रुपये लावायचे? फिलिपिन्समध्ये अशा देण्याला 'उतांग ना लोओब' म्हणतात, म्हणजे आतलं ऋण. ते पैशाने फिटत नाही. आपण त्याला उपकार म्हणतो.

अडचण इथूनच सुरू होते. जे फिटत नाही, ते कितीही वेळा मागता येतं. आईबाप या ऋणाच्या नावाखाली पोरांना बांधून ठेवतात, अशी टीका तिकडे होते. आपल्याकडचं वाक्यही ओळखीचं आहे: 'तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं?' मग शाखा, नोकरी, लग्न, सगळं व्याजात जातं.

मला वाटतं, उपकार आठवायचा हक्क घेणाऱ्याचा आहे. देणाऱ्याने वसुली काढली की त्याची उधारी होते. तीही रक्कम न लिहिलेली, म्हणून कधीच न संपणारी.

गॅसचे पैसे बिनधास्त मागा. इर्विनमधली रात्र मात्र मागू नका. ती समोरच्याला आपणहून आठवू द्या.